सव्वा महिन्यातली डोकेदुखी

बाळंतिणीचं डोकं दुखायला लागलं की घरात कारणं तयारच असतात. बाळ रात्रभर जागवतं, झोप होत नाही. कानाला फडकं बांधलं नाही, वारा लागला. सिझर झालं असेल तर पाठीतल्या इंजेक्शनमुळे. बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी खरं निघतं, दोन-चार दिवसांत डोकं उतरतं आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. पण थोड्या जणींच्या बाबतीत ही डोकेदुखी म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होत असल्याची किंवा रक्तदाब मेंदूला झेपेनासा झाल्याची पहिली खूण असते. त्या थोड्या जणी घरातल्या माणसांना वेळेत ओळखता याव्यात, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पक्षाघात, लकवा, अंगावरून वारं जाणं, ही सगळी एकाच आजाराची नावं. आपल्या मनात तो आजोबांचा आजार आहे. पंचवीस वर्षांच्या मुलीचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं तर 'अशक्तपणा आला असेल' हेच आधी सुचतं. खरं तर गरोदरपण आणि त्यानंतरचे काही आठवडे हा तरुण बाईच्या आयुष्यातला पक्षाघाताच्या दृष्टीने सगळ्यांत धोक्याचा काळ असतो. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर दर 1 लाख गरोदरपणांमागे साधारण 30 जणींना पक्षाघात होतो. त्याच वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास तिप्पट आहे. आकडा लहान वाटतो, मान्य. पण भारतात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळंतपणं होतात. हाच दर आपल्याकडे धरला तरी दरवर्षी सहा-सात हजार घरांचा हा प्रश्न आहे.

हा धोका नऊ महिन्यांवर सारखा पसरलेला नसतो. पहिल्या महिन्यांत तो कमी असतो, शेवटच्या तीन महिन्यांत वाढतो, आणि प्रसूतीच्या आगेमागे व त्यानंतरच्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातल्या 16 लाखांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून 2014 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका पहिले सहा आठवडे खूप वाढलेला असतो आणि थोड्या प्रमाणात बारा आठवड्यांपर्यंत टिकतो, असं त्यात दिसलं. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. आपला सव्वा महिना त्याच्या अगदी जवळ जातो. बाळंतिणीला एवढे दिवस जपायचं हे आपल्या आज्या-पणज्यांना बरोबर कळलं होतं. जपायचं कसं, यात मात्र काही गोष्टी बदलायला हव्यात.

नळ, मोरी आणि रक्त

बाळंतपणात बाई रक्तस्रावाने दगावू नये म्हणून शरीर आधीपासून तयारी करतं. रक्त गोठवणारे घटक वाढतात, गोठणं आवरून धरणारं प्रोटीन एस कमी होतं. त्यामुळे वार पडली की गर्भाशयाच्या उघड्या रक्तवाहिन्या लवकर बंद होतात. ही सोय जीव वाचवणारी आहे. पण रक्त पोटात गोठायला तयार असतं तेव्हा ते पायातही तयार असतं आणि मेंदूतही. बाळंत झाल्या क्षणी ही तयारी मावळत नाही, ती पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात.

आता मेंदूकडे पाहू. घरात नळाने पाणी येतं आणि मोरीतून वाहून जातं. तसंच धमन्या मेंदूला रक्त पुरवतात आणि शिरा वापरलेलं रक्त परत हृदयाकडे नेतात. नेहमीचा पक्षाघात म्हणजे नळ बंद पडणं किंवा नळ फुटणं: धमनीत गुठळी अडकते, नाहीतर धमनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बाळंतिणींमध्ये तिसरा एक प्रकार आढळतो. त्यात मोरी तुंबते. मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते. रक्त येत राहतं, जायला वाट नसते, दाब वाढतो, मेंदूला सूज येते, आणि शेवटी बारीक शिरा फुटून रक्तही सांडतं.

नळ फुटला तर क्षणात कळतं. मोरी मात्र हळूहळू तुंबते. आधी दोन दिवस, कधी आठवडाभर नुसतं डोकं दुखतं. मग उलट्या, अंधुक दिसणं, एखादी आकडी, एका हाता-पायातली ताकद जाणं. म्हणजे या प्रकारात आपल्या हातात वेळ असतो. तो बहुतेकदा 'झोप झाली की बरं वाटेल' म्हणण्यात जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाण्याची बंदी

बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा आजार भारतातल्या डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. 1980च्या दशकात मदुराई आणि बेंगळुरू इथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा खूप बाळंतिणींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे हे जास्त का दिसतं, याच्या उत्तरात जंतुसंसर्ग आणि रक्तक्षय यांच्या जोडीला एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत.

'पाणी जास्त प्यायलीस तर पोट सुटेल', 'बाळाला सर्दी होईल', 'टाके ओले राहतील'. हे सांगणारी आजी प्रेमानेच सांगते, त्याबद्दल शंका नाही. पण हिशेब मांडून पाहा. प्रसूतीत रक्त गेलेलं असतं. बाळाला पाजणाऱ्या आईच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं. वर खिडक्या लावलेली खोली, शेक-शेगडी, अंगावर शाल आणि घाम. अशा शरीरात पाणी मोजून दिलं तर आधीच गोठायला तयार असलेलं रक्त आणखी दाट होतं. पोट सुटण्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू सैल पडलेले असतात, ते हळूहळू आवळतात.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, मालिश, विश्रांती, यांतलं काही सोडायला मी सांगणार नाही. पाण्याची बंदी मात्र उठायलाच हवी. तहान लागेल तेव्हा आणि दर वेळी बाळाला पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या असावा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. विश्रांती म्हणजे खाटेला खिळून राहणंही नव्हे. सिझर झालेल्या बाईलाही डॉक्टर साधारण दुसऱ्या दिवसापासून चालवतात ते याच गुठळ्यांच्या भीतीने. घरातल्या घरात फेऱ्या मारणं, पाय हलवत राहणं चालू राहायला हवं.

रक्तक्षयाचंही इथेच सांगते. लोहाची कमतरता आणि मेंदूच्या शिरांमधल्या गुठळ्या यांचा संबंध आढळला आहे. 2019 ते 21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गरोदर बायकांमध्ये रक्तक्षय होता. बाळ झालं म्हणून लोहाच्या गोळ्या संपत नाहीत, त्या पुढेही काही महिने घ्यायच्या असतात.

बीपी: बाळ झालं, पण ते उतरलं का?

नळ फुटण्यामागे मुख्य कारण वाढलेला रक्तदाब. गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त झाला आणि जोडीला लघवीतून प्रथिनं जायला लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना त्रास व्हायला लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. याचं मूळ वारेत असतं. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांशी तिची जोडणी नीट होत नाही, त्यातून आईच्या रक्तात असे पदार्थ मिसळतात की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाझरायला लागतात. पुढे झटके आले की तो एक्लॅम्पसिया.

पायांना सूज बहुतेक गरोदर बायकांना येते. पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसणं, अंगठी बोटात रुतणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं आणि गोळीने न थांबणारी डोकेदुखी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायला हवा. तो 160/110 किंवा वर असेल आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच असेल तर ती आणीबाणी आहे. अशा वेळी औषध तासाभराच्या आत पोटात किंवा शिरेत जायला हवं, उद्याची अपॉइंटमेंट चालणार नाही. झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 33 देशांतल्या सुमारे दहा हजार बायकांवरच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त कमी केला.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. 'बाळ झालं की बीपी उतरतं' हे अर्धंच खरं आहे. बाळंतपणानंतर रक्तदाब आधी थोडा खाली येतो आणि मग तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा वर चढतो. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी या दिवसांत रक्तात परत येतं. काही जणींचा रक्तदाब गरोदरपणभर उत्तम असतो आणि पहिल्यांदा वाढतो तो याच आठवड्यात. आणि नेमक्या याच दिवसांत ती दवाखान्यातून घरी आलेली असते. सरकारी दवाखान्यात साध्या प्रसूतीनंतर साधारण 48 तासांनी घरी सोडतात. तिथून पुढे सगळ्या घराचं लक्ष बाळाच्या नाळेकडे, वजनाकडे आणि बारशाच्या तारखेकडे.

आशाताई नवजात बाळाला पाहायला घरी येतात त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या तारखा पाहा. पहिल्या दोन भेटी बरोबर रक्तदाब चढण्याच्या दिवसांच्या आसपास आहेत. बाळाचं वजन होत असतानाच आईच्या दंडाला पट्टा बांधला गेला तर किती जणी वेळेत सापडतील! ते होईल तेव्हा होवो, घरच्यांनी वाट पाहू नये. डिजिटल बीपी मशीन आता औषधाच्या दुकानात मिळतं. बाळाच्या पाळण्याइतकीच ती बाळंतपणाची खरेदी आहे असं मी म्हणेन. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या पातळीवर, बाळाला पाजत असताना नाही. पहिले दहा दिवस रोज, आणि गरोदरपणात बीपी असेल तर दोनदा. मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणाऱ्या आयांनाही हे लागू आहे. अमेरिकेत रक्तदाब खूप वाढलेल्या बाईला घरी गेल्यावर 72 तासांच्या आत तपासावं, असं तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण होते. पहिलं बाळंतपण माहेरी. सात महिने तपासण्या पुण्यात, प्रसूती लातूरला, आणि फाइल सासरच्या कपाटात. नव्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब किती होता तेच कळत नाही. डोहाळजेवणाच्या साडीबरोबर फाइलही बॅगेत जायला हवी. सगळ्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये असले तर आणखी चांगलं. बीपी असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यावं. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात त्या मेथर्जिन या औषधाने रक्तदाब आणखी वाढतो, म्हणून बीपी असलेल्या बाईला ते टाळतात.

कुठली डोकेदुखी साधी नाही

पाठीत भूल दिल्यावर काही जणींचं डोकं खरंच दुखतं. मणक्याभोवतीचं पाणी सुईच्या छिद्रातून थोडं पाझरतं म्हणून. या डोकेदुखीची खूण अशी की बसलं-उठलं की वाढते आणि आडवं झालं की बऱ्यापैकी थांबते. शिरांमध्ये गुठळी झाली की बहुतेकदा उलटं दिसतं. आडवं झाल्यावर बरं वाटत नाही, पहाटे जास्त दुखतं, खोकल्यावर किंवा वाकल्यावर कळ जाते. आणि आधी आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी नंतर कायम राहायला लागली, तर 'इंजेक्शनचंच आहे' म्हणून बसू नये. खूण बदलली म्हणजे कारणही बदललेलं असू शकतं.

दुसरी डोकेदुखी एका मिनिटात शिगेला पोचते. 'आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं' असं बाई सांगते. मेंदूच्या धमन्या एकाएकी आकसल्याने किंवा धमनीवरचा फुगवटा फुटल्याने असं होतं. तिथे थांबून पाहण्यासारखं काही नाही, थेट दवाखाना.

काही वेळा डोकेदुखीपेक्षा वागणं आधी बदलतं. बाळंतीण असंबद्ध बोलते, बाळाला ओळखत नाही, एकटक बघत राहते, तिला आकडी येते. 'बाहेरचं लागलं' म्हणून अंगारा लावण्यात, देवऋष्याकडे नेण्यात दोन दिवस जातात. ज्यांना श्रद्धेने अंगारा लावायचा आहे त्यांनी तो रुग्णवाहिकेत बसून लावावा.

ज्यांनी जास्तच जागं राहायला हवं अशा काही जणी आहेत: वारंवार गर्भपात झालेल्या, घरात गुठळ्यांचा इतिहास असलेल्या, डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसून अर्धशिशी होणाऱ्या. लहानपणी सांध्यांच्या तापानंतर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घेतलेल्या बायकांच्या हृदयाची झडप बिघडलेली असू शकते. तिथे झालेली गुठळी सुटून मेंदूत जाते. हे लहानपणाचं इंजेक्शन लग्नाच्या वेळी सांगितलेलं नसतं, म्हणून गरोदरपणातही सांगितलं जात नाही. डॉक्टरांना तरी सांगायलाच हवं.

त्या तासात काय करायचं

तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर राहत नाही, बोलणं जड झालं, अचानक दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर आधी घड्याळ पाहा. शेवटचं ती धड कधी होती ती वेळ लक्षात ठेवा. पुढचे उपचार त्या वेळेवर ठरतात. मग 108ला फोन. मेंदूचा रक्तपुरवठा मोठ्या धमनीत अडला तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात.

तोंडात काहीही घालू नका, पाणीही नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरातली ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. आकडी आली तर कुशीवर वळवा, गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका.

आणि दवाखान्याच्या दारातच सांगा: 'ही आठ दिवसांची बाळंतीण आहे.' पोट दिसत नाही, बाळ घरी आजीपाशी असतं, आणि अपघात विभागातल्या डॉक्टरांना ती नुसती डोकं दुखणारी तरुण मुलगी वाटते. या एका वाक्याने पुढच्या तपासण्या बदलतात. शक्य असेल तर जिथे सीटी स्कॅन आणि मेंदूविकारतज्ज्ञ आहेत तिथेच थेट जा. वाटेत तीन दवाखाने करण्यात तासन् तास जातात.

गरोदर बाईच्या डोक्याचा सीटी स्कॅन म्हटलं की सासू-नवरा दोघेही घाबरतात. डोक्याच्या स्कॅनमध्ये किरण डोक्यावर पडतात, गर्भापर्यंत पोचतात ते नगण्य. बाळाला अपाय होण्याच्या पातळीपासून ते कितीतरी दूर असतात. एमआरआयमध्ये असे किरणच नसतात, आणि शिरांमधली गुठळी रंगद्रव्याचं इंजेक्शन न देताही त्यात दिसू शकते. आई वाचली तरच बाळ वाचतं, म्हणून 'आधी बाळाचं बघा' हा आग्रह इथे धरू नये.

धमनीत गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. नेहमी वापरलं जाणारं अल्टेप्लेज वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. रक्तस्रावाची जोखीम असतेच, म्हणून नुकत्याच बाळंत झालेल्या किंवा सिझर झालेल्या बाईला ते द्यायचं की नाही हे तज्ज्ञ तोलून ठरवतात. मोठी गुठळी असेल तर मांडीतल्या धमनीतून नळी घालून ती ओढून काढतात. शिरांमध्ये गुठळी असेल तर हेपारिन. मेंदूत थोडं रक्त सांडलेलं असूनही डॉक्टर रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात तेव्हा नातेवाईक गोंधळतात. पण ते रक्त मोरी तुंबल्यामुळे सांडलेलं असतं, मोरी मोकळी झाल्याशिवाय ते थांबणार नाही. या प्रकारात वेळेत उपचार मिळाले तर दहापैकी सुमारे आठ जणी चांगल्या बऱ्या होतात.

घरी परत आल्यावर

'एवढी औषधं चालू आहेत, मग दूध बंद करा' हा सल्ला घरात लगेच मिळतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. हेपारिन चालू असताना पाजता येतं, रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असतानाही. गमतीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे वॉर्फरिन गरोदरपणात बाळाला अपायकारक, पण दुधातून ते जवळजवळ जातच नाही. रक्तदाबाच्या लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल या गोळ्यांवरही पाजणं चालू ठेवता येतं, यांतली एनालाप्रिल मात्र गरोदरपणात वर्ज्य. औषध कुठलं, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. एक हात लुळा असेल तर कुशीवर झोपून, उशी लावून पाजता येतं, तेव्हा कुणीतरी जवळ बसायला हवं. व्यायाम पहिल्या दिवसांपासून सुरू होतो. ज्या हातात जीव नाही त्या हाताने बाळाला स्पर्श करायला लावणं हाही व्यायामच. अशा बाईचं रडणं, गप्प होणं 'नशिबाला दोष देतेय' म्हणून सोडू नका, पक्षाघात आणि बाळंतपण या दोन्हींनंतर नैराश्य येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

पाळणा लांबवायचा असेल तर माला-डी, माला-एन यांसारख्या गोळ्या अशा बाईला कायमच्या बंद. त्यांतलं इस्ट्रोजेन गुठळ्या वाढवतं. तांबी चालते. घरात गणपती किंवा सत्यनारायण आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून घेणंही तिने थांबवायला हवं. मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी झालेल्या तरुण मुलींच्या चौकशीत या गोळ्या अनेकदा निघतात.

पुन्हा आई होता येईल का? बहुतेक जणींना होता येतं. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटून योजना करावी लागते. आधी गुठळी झाली असेल तर गरोदरपणात आणि नंतरचे सहा आठवडे हेपारिनची इंजेक्शनं लागू शकतात. आधी प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून रोज कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, धोका जास्त असलेल्या बायकांनी रोज रात्री 150 मिलिग्रॅम घेतल्यावर मुदतीआधी होणारा प्रीएक्लॅम्पसिया निम्म्याहून जास्त कमी झाला.

प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढच्या आयुष्यात पक्षाघात होण्याची शक्यता इतर बायकांच्या साधारण दुप्पट असते, मग बाळंतपणात तिला पक्षाघात झालेला असो वा नसो. मुलं मोठी होतात, बाळंतपणाची फाइल रद्दीत जाते, आणि चाळिशीत ती डॉक्टरांकडे जाते तेव्हा 'आधी कधी बीपी होतं का?' या प्रश्नाला सहज 'नाही' म्हणून जाते. तिथे 'हो, मुलाच्या वेळी होतं' हे उत्तर द्यायचं असतं, आणि दरवर्षी एकदा बीपी व साखर तपासून घ्यायची असते.